तुमचे प्रश्न : शाळेत हात जोडायची सक्ती करता येते का?

मागच्या अंकात शाळेच्या परिपाठावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि या महिन्यात आलेली जवळपास सगळी पत्रं त्याच विषयावरची निघाली, म्हणजे शाळेतली आरती, ऑफिसातली पूजा, सरकारी चिन्हाखालची संस्कृत वाक्यं, पंढरपूरची महापूजा, सगळंच. बरीचशी सोलापूर शहरातनं, थोडी बार्शी-अक्कलकोटकडनं. सगळी घेता येत नाहीत, ज्यात कुणाचं तरी काम अडलंय ती आधी घेतोय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही विजापूर वेस भागात राहतो. मुलगी नववीला आहे, शाळा अनुदानित, मराठी मीडियम. परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका हे सगळं ती मोठ्यानं म्हणते, तिला पाठ आहे. यंदा जूनपासून दर गुरुवारी एक आरती चालू केलीय, डोळे मिटून हात जोडून म्हणायची. आमच्यात ते चालत नाही म्हणून ती नुसती गप उभी राहते. तर क्लासटीचरनी डायरीत लाल पेननं लिहून पाठवलंय, 'प्रार्थनेच्या वेळी शिस्त पाळत नाही, पालकांनी भेटावे.' मिस्टर म्हणायलेत गप बस, पुढं दहावी आहे, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात असतात. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या मुलीनं काहीच चुकीचं केलेलं नाही, हे आधी तिला घरात बसवून सांगा, कारण नववीतल्या पोरीच्या हातात वर्गासमोर अशी डायरी दिली की आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं तिला वाटत राहतं, आणि तुमच्या पत्रातलं तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

आता कायद्याचं. संविधानाचं कलम २८ बघा, छोटंच आहे. त्यातला तिसरा भाग तुमच्या मुलीसारख्यांसाठीच आहे. सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी पैशातनं अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा तिथल्या उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, त्याची स्वतःची संमती पाहिजे, आणि मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर पालकाची. म्हणजे संमती तुम्ही द्यायची आहे, शाळेनं ती परस्पर धरून चालायचं नाही. शाळा पूर्णपणे सरकारी खर्चातनं चालणारी असती, म्हणजे महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची, तर पहिलाच भाग लागू झाला असता, तिथं धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. आणि संस्था कुणाचीही असू दे, मिशनची असो, मठाची असो, उर्दू मीडियमची असो, अनुदान किंवा मान्यता घेतली की तिसरा भाग तिथल्या प्रत्येक मुलाला सारखाच मिळतो.

कोर्टात हे कसं बघितलं गेलं ते पण सांगतो म्हणजे तुम्हाला बोलताना धीर येईल. १९८५ च्या जुलैत केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतनं काढून टाकलं होतं. यहोवाज विटनेस पंथाची मुलं, राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गायची नाहीत. केरळ हायकोर्टात हरली. ११ ऑगस्ट १९८६ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं, कोर्टाचं म्हणणं असं की मुलं मान देऊन उभी आहेत, कुणाला त्रास देत नाहीत, मग गायलंच पाहिजे असं म्हणणारा कायदा कुठाय. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या त्या निकालाचा शेवट जमलं तर मुलीला वाचून दाखवा, आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, तत्त्वज्ञान तेच सांगतं आणि संविधान तेच आचरणात आणतं, ते पातळ करू नका, अशा अर्थाचं लिहिलंय. आता विचार करा, राष्ट्रगीतासाठी जर तोंड उघडायची सक्ती चालली नाही तर गुरुवारच्या आरतीसाठी कशी चालेल? आणि आपल्याकडचंच हवं असेल तर नाशिकच्या एका शिक्षकांची केस आहे, शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वेतनवाढ अडवली होती, २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

मिस्टरांची काळजी खोटी नाही, मार्क शाळेच्याच हातात असतात हे खरंय. म्हणून भांडायला जाऊ नका, पण तोंडीही सोडू नका. दोघं मिळून मुख्याध्यापकांना भेटा, डायरी सोबत न्या, आणि बोलून झालं की एक साधं पत्र द्या. मजकूर एवढाच : 'माझी मुलगी इयत्ता नववीत शिकते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व उद्देशिका यांत ती पूर्ण सहभागी होते. धार्मिक आरतीत सहभागी होण्यास पालक म्हणून माझी संमती नाही. त्या वेळेत ती शांतपणे उभी राहील. संविधानाच्या कलम २८(३) नुसार याची नोंद घ्यावी व डायरीतील शेरा दुरुस्त करून मिळावा.' पत्राची झेरॉक्स घेऊन जा आणि झेरॉक्सवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ही पोच तुमच्याजवळ असली की उद्या मार्कात काही कमीजास्त झालं तर शाळेलाच उत्तर द्यावं लागतं. ऐकलं नाही तर त्याच पोचसकट जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. माझा अंदाज, तिथपर्यंत जायची वेळ येणार नाही, बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि हे वाचणाऱ्या शिक्षकांना मनापासनं सांगणं आहे. सगळ्या मुलांनी एकत्र म्हणायची प्रार्थना हवी असेल तर साने गुरुजींची 'खरा तो एकची धर्म' आहे की, महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत म्हणतात, त्यात कुठल्याच देवाचं नाव नाही. प्रतिज्ञा तर आपल्या सोलापूरकरांना जास्तच जवळची वाटायला हवी, ती मूळ तेलुगूत लिहिलेली आहे, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये, आणि पूर्व भागातल्या किती घरांत आजही तेलुगूच बोलतात. ज्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एका बाकावर बसतात तिथं एकाच घरातली आरती सगळ्यांकडनं म्हणून घ्यायची गरज का वाटावी हे मला खरंच कळत नाही.

प्रश्न : जुळे सोलापूरहून लिहितोय, रिटायर्ड बँक कर्मचारी. एलआयसीच्या दिव्याखाली गीतेतलं वाक्य, सुप्रीम कोर्टाच्या चिन्हात महाभारतातलं, नाण्यावर मुंडक उपनिषद. मग आपण निधर्मी कसले? एक तर हे सगळं पुसा नाहीतर शाळेतल्या आरतीवर ओरडू नका.

उत्तर : काका, तुमची यादी बरोबर आहे आणि ती अजून वाढवता येते. हवाई दलाचं 'नभः स्पृशं दीप्तम्' गीतेच्या अकराव्या अध्यायातलं, नौदलाचं 'शं नो वरुणः' वेदातलं. पण मग हेही बघा की नाण्यावरचे सिंह सम्राट अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचे आहेत, झेंड्यावरचं चक्र तिथलंच, आणि आपण रोज ज्या एसटीनं तुळजापूर-पंढरपूर करतो तिचं 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' हे बुद्धांनी भिक्खूंना दिलेल्या उपदेशातलं आहे, आकाशवाणीचंही तेच. मूळ स्तंभावर 'सत्यमेव जयते' नव्हतं, बौद्ध स्तंभाखाली उपनिषदातली ओळ आणून बसवली गेली ती प्रजासत्ताकाचं चिन्ह ठरवताना. जुनं जे चांगलं वाटलं ते या लोकांनी सगळीकडनं घेतलंय, मला तरी ते आवडतं, एकही पुसू नये असं माझं मत आहे.

पण तुम्ही त्याला आरतीच्या शेजारी ठेवलंत तिथं मी तुमच्याशी सहमत नाही. एलआयसीचं वाक्य तुमच्याकडनं काहीच करून घेत नाही. ते तुम्ही नाही वाचलं तरी पॉलिसी मॅच्युअर होते, पटलं नाही तरी क्लेम मिळतो, एसटीत बसणाऱ्याला कुणी बुद्धांना वंदन कर म्हणत नाही. वरच्या ताईंच्या मुलीला मात्र हात जोडायला सांगितलं, नाही जोडले तर लाल पेननं लिहिलं. माझ्या दृष्टीनं सगळा फरक इथंच पडतो. भिंतीवर काय लिहिलंय यापेक्षा समोर उभ्या असलेल्या माणसाला काय करायला लावलं, आणि त्यानं नाही म्हटलं तर त्याचं काय गेलं, हे मी आधी बघतो.

घटना समितीत हा वाद अगदी याच जागी झाला होता. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करा. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला, त्यांचा मुद्दा असा की ज्या उद्देशिकेत आपण विचार आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य देतोय तिथंच सगळ्यांच्या वतीनं देवाचं नाव घालणं म्हणजे सक्ती होते. मतदान झालं, बाजूनं ४१, विरोधात ६८. देव मानणारे लोक त्या सभागृहात भरपूर होते तरी हा निकाल लागला, आणि त्याच लोकांनी शपथेत मात्र दोन्ही पर्याय ठेवले, ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. मंत्र्याला, आमदाराला, न्यायाधीशाला ज्याला जे पटेल ते. सक्ती कुणावरच नाही.

प्रश्न : कोर्टात साक्षीला जायचंय पहिल्यांदाच. गीतेवर हात ठेवावा लागतो का? मी बौद्ध आहे.

उत्तर : नाही. ते सिनेमात. शपथ अधिनियम १९६९ मध्ये कुठल्याही ग्रंथावर हात ठेवायला सांगितलेलं नाही. ईश्वराची शपथ नको असेल तर 'मी गांभीर्यपूर्वक सांगतो' असं म्हणायचं, शिपाई किंवा बेंच क्लार्क शपथ सांगायला लागले की आधीच सांगून टाका, दोन्हींची किंमत कायद्यात सारखीच. खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती कुठल्याही शपथेला तेवढीच. निर्धास्त जा.

प्रश्न : मी एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. दर श्रावणात ऑफिसात सत्यनारायण असतोय. वर्गणीची यादी फिरते, प्रत्येकाच्या नावापुढं रक्कम आधीच लिहिलेली असते, आपण फक्त सही करायची. त्या दिवशी दुपारपर्यंत काउंटर बंद. मोहोळ, माढ्याकडनं आलेली माणसं जिन्यात बसून राहतात, शेवटी त्यांना शिरा देतात आणि उद्या या म्हणतात. मी स्वतः देवाचं करणारा माणूस आहे, सोमवारी सिद्धेश्वराला गेल्याशिवाय राहत नाही, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालतो. तरी हे खटकतं. बोललो तर नास्तिक म्हणतील.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र आलं आणि बरं वाटलं, कारण हे सांगायचा सगळ्यात जास्त अधिकार तुमच्यासारख्या माणसालाच आहे.

पहिलं म्हणजे कोर्टं प्रत्येक नारळाला घटनाभंग मानत नाहीत हे समजून घ्या, म्हणजे अपेक्षा चुकीची राहणार नाही. गुजरात हायकोर्टाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्ध एकानं याचिका केली होती, २०११ मध्ये कोर्टानं ती फेटाळली आणि वर २० हजारांचा दंड लावला. भूमिपूजन हा चांगल्या कामाच्या सुरुवातीचा रिवाज आहे, त्यामागं सगळ्यांच्या भल्याची भावना आहे असा साधारण सूर. मला तो दंड पटलेला नाही, नागरिकानं प्रामाणिक प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं, दंड कशाला. पण निकाल तसा आहे.

त्यामुळे मी तुमच्या ठिकाणी असतो तर पूजा बंद करा असं म्हणालोच नसतो. खंडेनवमीला आपल्याकडं मागावर, पॉवरलूमवर, एसटीच्या गाडीवर, सगळीकडं झेंडूचे हार चढतात, ज्यानं त्यानं आपल्या हातातल्या कामाला केलेला तो नमस्कार असतो आणि त्यात कुणाचं काही अडत नाही. तुमच्या ऑफिसात मात्र दोन गोष्टी उघड चुकीच्या चालल्यात. एक ती यादी. नावापुढं रक्कम आधी लिहिली की ती वर्गणी राहत नाही, ज्याची बदली आणि सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, साहेबाच्या हातात आहे तो माणूस नाही कसं म्हणणार? त्यात एखादा ख्रिश्चन, मुस्लिम, बौद्ध कर्मचारी असेल तर तो सही करून गप बसत असणार आणि घरी जाऊन त्याला काय वाटत असेल ते तुम्ही-मी ओळखू शकतो. दुसरं ते बंद काउंटर. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि माढ्याहून रोज बुडवून एसटीचं भाडं भरून आलेल्या बाईला उद्या या म्हणणं हे कुठल्याच देवाच्या नावावर खपवता येत नाही. मला यात सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. तिचा सातबारा किंवा उत्पन्नाचा दाखला, जे काय असेल ते, त्या दिवशी तिच्या हातात पडलं पाहिजे होतं.

म्हणून साहेबांना एकटं गाठून तीन गोष्टी मागा : यादी नको, एक डबा ठेवा, ज्याला टाकायचे तो टाकेल. पूजा सुट्टीच्या दिवशी किंवा सहानंतर. काउंटर चालू. तुम्ही सोमवार करणारे आहात हे त्यांना ठाऊकच असेल, त्यामुळे नास्तिक म्हणायला जागाच नाही. ऐकलं नाही तर पुढच्या यादीवर आपल्या नावापुढं 'ऐच्छिक, या वर्षी नाही' असं लिहून सही करा. एकानं लिहिलं की अजून दोघं लिहितात, हे मी बघितलेलं आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. तो म्हणतो तिकडं नोटेवरच 'इन गॉड वी ट्रस्ट' लिहिलेलं असतं, आणि तरी शाळेत प्रार्थना चालत नाही. हे कसं काय?

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. ते वाक्य पहिल्यांदा १८६४ मध्ये त्यांच्या यादवी युद्धाच्या काळात दोन सेंटच्या नाण्यावर आलं. राष्ट्रीय ब्रीद म्हणून १९५६ मध्ये कायदा झाला, तेव्हा रशियाशी शीतयुद्ध चालू होतं आणि आम्ही देव मानणारे, ते न मानणारे, असं दाखवायची घाई होती, १९५७ पासून कागदी नोटांवरही छापायला लागले. पण १९६२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळानं बनवलेली शाळेची प्रार्थना त्यांच्या सुप्रीम कोर्टानं बंद केली. ती प्रार्थना एका वाक्याची होती, कुठल्याही एका पंथाची नव्हती आणि ज्याला नको त्यानं गप राहायची मुभा होती, तरीसुद्धा कोर्ट म्हणालं की सरकारनं प्रार्थना लिहून मुलांकडनं म्हणवून घेणं हे सरकारचं कामच नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत तिकडं जरा सैल आहे. २०१४ मध्ये ग्रीस नावाच्या गावाच्या नगरसभेत सुरुवातीला प्रार्थना करायला परवानगी मिळाली, आणि २०२२ मध्ये मॅचनंतर मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका शाळेच्या फुटबॉल कोचच्या बाजूनं निकाल लागला. या कोचच्या निकालावर मला शंका आहे, टीममध्ये घ्यायचं का नाही हे ज्याच्या हातात आहे तो सर मैदानात गुडघे टेकतोय म्हटल्यावर पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा बाजूला उभा राहील का? आपल्या केरळच्या भावंडांच्या निकालात अमेरिकेतला १९४३ चा एक निकाल पण घेतलेला आहे, झेंड्याला सलाम करायची मुलांवर सक्ती नको असा, तीही यहोवाज विटनेसचीच मुलं. मुलाला सांगा, वाचण्यासारखा आहे.

प्रश्न : माउली, मी वारकरी, चाळीसेक वर्षं वारी करतो. मला शासकीय महापूजेबद्दल बोलायचंय. मुख्यमंत्र्यांनी पूजा करावी का नको यात मला पडायचं नाही, पण त्यासाठी आमची रांग थांबते, पाय सुजतात हो. कुणाला सांगायचं?

उत्तर : माउली, तुम्ही पडायचं नाही म्हणालात तरी दोन वाक्यं सांगतो, कारण बाकीच्यांनी तेच विचारलंय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाच आक्षेप घेतला गेला होता की धर्मनिरपेक्ष राज्याच्या मुख्यमंत्र्यानं सरकारी पूजा कशी करायची, ती काही काळ थांबली आणि नंतर परत चालू झाली. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा, त्यानं बडवे-उत्पात या तिथल्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क काढून कारभार समितीकडं दिला, ते भांडण सुप्रीम कोर्टात २०१४ पर्यंत चाललं. रांग, पाणी, संडास, दवाखाना हे सरकारनं बघावंच, लाखो लोक येतात. पूजा मुख्यमंत्र्यांशिवाय अडत नाही हे आपण २०१८ मध्ये बघितलं, मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळं मुख्यमंत्री आले नव्हते आणि मानाच्या वारकरी दांपत्याच्या हातनं पूजा झाली. मला विचाराल तर दरवर्षी तसंच व्हावं, मुख्यमंत्र्यांनी वाटलं तर तुमच्यासारखं दर्शनाला यावं. साने गुरुजींनी १९४७ मध्ये याच देवळाचे दरवाजे दलितांना उघडावेत म्हणून दहा दिवस उपोषण केलं होतं, तिथं पहिला मान रांगेतल्या माणसाचाच असला पाहिजे.

आता तुमचं काम. गेल्या काही वर्षांत महापूजा चालू असताना मुखदर्शन चालू ठेवायला सुरुवात झालीय, म्हणजे करायचं म्हटलं की होतं. पददर्शनाच्या रांगेचं सांगायचं असेल तर मंदिर समितीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज करा, त्यात रांगेत कधी लागला, कुठं थांबवलं, किती वेळ, रांगेच्या पत्राशेडमध्ये पाणी होतं का, हे सगळं नीट लिहा. दिंडीतल्या जेवढ्यांच्या सह्या मिळतील तेवढ्या घ्या, एक प्रत सोलापूरला जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि आषाढीच्या नियोजनाच्या बैठका सुरू व्हायच्या आत, म्हणजे चैत्र-वैशाखातच द्या. वारी झाल्यावर दिलेला अर्ज पुढच्या वर्षापर्यंत कुणी उघडत नाही.